चार पेले, एक उलटा

माझ्या भाच्याने मला मारलं तेव्हा माझ्या डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्या, सातवी आणि आठवी. विद्यापीठाच्या वर्गात, शनिवारी पावणेबाराच्या सुमारास, एकोणीस माणसांसमोर. भांडण एका आकड्यावरून होतं. तो आकडा मीच त्याला सांगितला होता. आकडा बरोबर होता, चूक सांगण्यात होती, आणि माझ्या बरगड्यांच्या आधी ती माझ्या पुतणीच्या अंगावर निघाली होती. म्हणून हे लिहून ठेवतो.

आधी नाती सांगतो. आम्ही तीन भावंडं. थोरली ताई, मधला मी, धाकटा भाऊ. ताई पिंपळगाव बसवंतला दिलेली. तिच्या घरचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, ते आणि तीन टेम्पो तिचा मुलगा, म्हणजे हा भाचा, बघतो. धाकटा भाऊ करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याची एकच मुलगी, तेव्हा एकवीस वर्षांची. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. दहाव्या महिन्यात ताईने तिला मागणी घातली. मामाची मुलगी करणं आमच्यात नवं नाही. घरची पोर घरातच राहते म्हणून लोक खूश असतात. मी दोघांच्या पत्रिका पाहिल्या, टेम्पोंची कागदपत्रं पाहिली, विम्याच्या तारखाही पाहिल्या. रक्त पाहिलं नाही. भावाच्या जागी कन्यादान मी केलं.

वर्षभरात मुलगी झाली. नवव्या महिन्यात ती पांढरीफटक पडली आणि नाशिकच्या दवाखान्यात थॅलेसेमिया मेजर निघाला. अंगात रक्त टिकत नाही, म्हणून दर एकवीस दिवसांनी बाहेरून रक्त चढवायचं, आयुष्यभर. मी ओझरला विमानांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहे. रिव्हेटच्या भोकाचा व्यास चुकला तर का चुकला हे शोधणं हेच माझं चोवीस वर्षांचं काम. इथे का चुकलं हे कोणी मला समजेल असं सांगेना. मी संख्याशास्त्राचा पदवीधर. शहराबाहेरच्या एका विद्यापीठात जनुकीय वैद्यक आणि डेटा सायन्सचा शनिवार-रविवारचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला होता, तिथे नाव घातलं. बायको म्हणाली, या वयात लोक गुडघ्याचं ऑपरेशन करतात, तुम्ही ॲडमिशन घेताय.

वर्गात माझ्याखेरीज सतरा जण, सगळे तिशीच्या आतले, निम्मे डॉक्टर, निम्मे कॉम्प्युटरवाले. पहिल्या दिवशी मी आत शिरलो तर सगळे उभे राहिले. त्यांना वाटलं सर आले. शेजारचा कॉम्प्युटरवाला मुलगा म्हणायचा, "काका, तुमच्यामुळे वर्गाचं सरासरी वय पाच वर्षांनी वाढलं." मी हिशेब करून त्याला दाखवला, एक पूर्णांक तीन. त्यानंतर तो माझ्याच बाकावर बसायला लागला.

पहिल्या सत्रात मॅडमनी प्रत्येकाला स्वतःच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा तक्ता काढायला सांगितला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. आजारी असेल तर पूर्ण काळं, नुसता वाहक असेल तर अर्धं. नवरा-बायकोला जोडणारी रेघ एक. पण दोघं आधीचेच नातेवाईक असतील तर रेघ दुहेरी. मी पट्टी घेऊन भाचा आणि पुतणी यांच्यामधली दुसरी रेघ ओढली. पहिलीपासून दोन मिलिमीटरवर, समांतर.

तोवर सगळ्यांच्या रक्ताच्या चाचण्या झाल्या होत्या. भाचा वाहक, पुतणी वाहक. पुतणीची आई स्वच्छ, दाजी, म्हणजे ताईचे यजमान, स्वच्छ. मी स्वच्छ. ताईने हात पुढे केला नाही, पण त्याची गरजही नव्हती. दाजींकडून नाही म्हणजे भाच्याला ते ताईकडून आलं. पुतणीला आईकडून नाही म्हणजे माझ्या भावाकडून. दोन्ही वाटा आमच्या आईबाबांपाशी जात होत्या. हे मी तक्त्यात लिहिलं आणि मला त्याचे वीसपैकी एकोणीस गुण मिळाले. पिंपळगावला मात्र ते सांगितलं नाही. ताईला सुनेसमोर कमीपणा नको, एवढाच विचार केला.

आकडा तेवढा सांगितला. रविवारी दुपारी ताईच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. पाणी आलं, स्टीलचे चार पेले. मी ते रिकामे करून ओळीत मांडले आणि एक उलटा केला. म्हटलं, तुम्हा दोघांच्या बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक.

"म्हंजे एक खराब, तीन चांगले," भाचा म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

तो माझा शब्द. त्याच्या पॅकहाऊसमध्ये बायका कात्रीने द्राक्षाच्या घडातला सडका मणी काढून टाकतात, उरलेला घड पेटीत जातो. त्याला जे रोज दिसतं तेच त्याने माझ्या पेल्यांत पाहिलं. आणि मी, ज्याला कारखान्यात नमुना परत पेटीत टाकून काढलाय की बाहेर ठेवून, हे पहिल्यांदा विचारायची सवय, मी तो उलटा पेला पुन्हा सरळ करून दाखवला नाही. ताईने तीन पेले आत नेले. उलटा तिथेच राहिला.

दुसऱ्या सत्रात मॅडमनी शिकवलं की धोका समजावून झाला की समोरच्याला विचारा, आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय समजावलं असं समजू नका. मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली. पिंपळगावला फोन करावा असं मनात आलं होतं. त्या आठवड्यात परीक्षा होती. राहिलं.

भाचा हात उचलतो हे मला माहीत होतं. दर एकवीस दिवसांनी पुतणी मुलीला घेऊन नाशिकला यायची तेव्हा दवाखान्यात मी तिच्याजवळ बसायचो. एकदा बाही वर सरकली तर दंडावर चार बोटांचे वळ होते, सगळ्यात लांब साधारण सात सेंटीमीटर. दार लागलं म्हणाली. दाराला चार बोटं नसतात. एकदा कानामागची कातडी फाटलेली होती, म्हणाली कानातलं अडकलं. मी पाहायचो, मनात माप घ्यायचो आणि गप्प बसायचो.

मार आमच्या घरात नवा नव्हता. बाबा आम्हाला पाढ्यांवर मारायचे, मोजून. एक चूक, एक फटका, लाकडी पट्टीचा, आणि फटक्याचा आकडा आम्हीच मोठ्याने म्हणायचा. एकोणतीसचा पाढा मला कधी जमला नाही. ताई सांगायची, मी त्याला बोलण्यात गुंतवलं म्हणून चुकला, आणि माझे फटके तिच्या तळव्यावर पडायचे. ती आकडे स्पष्ट म्हणायची, रडायची नाही. माझं गणित पुढे चांगलं झालं. तिची शाळा सातवीत सुटली.

दुसऱ्या वेळी दिवस गेल्याचं पुतणीने मला सहाव्या महिन्यात सांगितलं, तेही सैल ड्रेस असूनही मला दिसलं म्हणून. अकराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेचा बारीक तुकडा तपासला असता तर कळलं असतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

"ते म्हणाले, मामांनीच सांगितलंय," ती म्हणाली. "उलटा पेला होऊन गेला. आता तीन सरळच."

मी तसाच पिंपळगावला गेलो. भाचा टेम्पो भरत होता. मी समजावायला सुरुवात केली तसं त्याने हातातलं रिकामं कॅरेट माझ्या पायाशी आपटलं, प्लास्टिकचा कोपरा फुटून उडाला. "मामा, तुम्ही लय शिकले. एकदा एक बोलता, परत दुसरं. आता डोकं नका खाऊ." हमाल थांबून बघत होते. मी निघून आलो. त्या आठवड्यात मी कॉम्प्युटरवर दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. दहा हजार वाहक जोडपी, प्रत्येकी दोन मुलं, दोन्ही आजारी किती जणांची? अपेक्षा सोळात एक, म्हणजे सव्वासहाशे. उत्तर आलं सहाशे एकोणतीस. मी प्रोग्राम तीनदा चालवला. दर वेळी सहाशेच्या आसपास जोडपी निघत होती.

मुलगा झाला. सातव्या महिन्यात त्याचं हिमोग्लोबिन घसरलं, शुक्रवारी दुपारी अहवाल पिंपळगावला पोचला, दवाखान्यातून मलाही कळला. मेजर.

पुढचं पुतणीने पोलिसांना सांगितलं तेव्हा मी शेजारी होतो. अहवाल वाचून भाच्याने तिला वजनकाट्यापाशी केस धरून खाली पाडलं. टेम्पोची दोरी दुहेरी करून मारलं. पाठीवर, मांड्यांवर, ती वळली तसं पोटावर, सिझेरियनच्या टाक्यांच्या व्रणावर. पॅकहाऊसच्या तीसेक बायका हातात कात्र्या घेऊन उभ्या राहिल्या. कोणी पुढे झाली नाही, एकीने बाळ उचलून घेतलं तेवढंच. तो म्हणत होता, तुझं रक्तच नासकं, माझी दोन्ही पोरं नासवली. ताई नातीला कडेवर घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "तोंडावर नको. मंगळवारी पोरीला घेऊन दवाखान्यात जायचंय." ते त्याने ऐकलं नाही. डावा डोळा बंद झाला तो चार दिवस उघडला नाही.

शनिवारी सकाळी ती बाळाला घेऊन बसने नाशिकला आली. मुलीला ताईने सोडलं नव्हतं. माझ्या घरी न जाता ती थेट विद्यापीठात आली, कारण शनिवारी मी तिथे असतो हे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी माझं सत्राअखेरचं सादरीकरण होतं. पडद्यावर आमच्याच घराण्याचा तक्ता, नावांच्या जागी क्रमांक. बाळाचं चिन्ह मी आदल्या रात्री काळं केलं होतं. मागचं दार उघडून ती शेवटच्या बाकावर बसली. तिचा चेहरा मी नीट पाहिला. माझी चार पानं उरली होती. ती चारही मी पूर्ण केली. बरगड्यांचं दुखणं गेलं. ती सात-आठ मिनिटं मात्र अजून टोचतात.

मी शेवटच्या पानावर होतो तेव्हा भाचा आत आला. तो तिच्या मागावर टेम्पो घेऊनच निघाला होता. तिच्याकडे जाईल म्हणून मी मध्ये सरकलो, पण त्याचं लक्ष पडद्याकडे गेलं. टेम्पोवाला असला तरी खुळा नाही. दुहेरी रेघ आणि खाली दोन काळी चिन्हं त्याने लगेच ओळखली.

"ह्यातला मी कोणता?"

मी अर्ध्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"चारात एक बोलला होता तुम्ही. दोनात दोन झाले."

मी म्हणालो, चूक माझी आहे, सांगतो. त्याने मला पुढे बोलू दिलं नाही. "हिच्याकडं कुठून आलं ते सांगा." मी म्हणालो, माझ्या भावाकडून. "आन माझ्याकडं?"

तो तक्त्याकडे बघत होता. रेघ वर कुठे जाते ते त्याला दिसत होतं, तरी त्याला माझ्या तोंडून हवं होतं.

"ताईकडून," मी म्हणालो.

पहिली थप्पड कानावर बसली, चष्मा उडाला. दुसऱ्या धक्क्याला मी टेबलाच्या कडेवर पडलो आणि आतून काडी मोडल्यासारखा आवाज ऐकला. खाली पडल्यावर त्याने लाथा घातल्या, मी मोजल्या, पाच. सहावी पडायच्या आत माझ्या बाकावरच्या मुलाने त्याच्या गळ्यात हात घातला आणि दोन डॉक्टर पोरं पायांवर पडली. त्यांच्यातल्याही एकाचं नाक फुटलं. भाचा जमिनीवर दाबून धरलेला असतानाही एकच म्हणत होता, माझ्या आईचं नाव घेतलं, माझ्या आईचं नाव घेतलं. पुतणी जागची उठली नाही. बाळाचे कान तिने दोन्ही तळव्यांनी झाकले होते.

एक्स-रे झाला, जबाब झाले, तिची तक्रार तिने स्वतः लिहिली. भाचा पोलीस कोठडीत गेला. रविवारी संध्याकाळी माझ्या घरी ती म्हणाली, मुलीचं रक्त मंगळवारी आहे. फाईल आणि मुलगी, दोन्ही आत्यापाशी आहेत. पोलीस म्हणाले होते, बघू, एक-दोन दिवसांत माणूस पाठवू. एकवीस दिवसांचे तेवीस झाले की त्या मुलीचे ओठ पांढरे पडतात, चालता चालता खाली बसते.

सोमवारी सकाळी आम्ही गेलो. मला बरगड्यांवरच्या पट्ट्यामुळे गाडी चालवता येत नव्हती, तो कॉम्प्युटरवाला मुलगा रजा टाकून आला. ओझर मागे पडलं तसं म्हणाला, "काका, आज तुमचं वय सरासरीत धरत नाही." हसलो तर बरगड्यांत कळ गेली. त्याला गाडीतच थांबवलं.

ताई ओट्यावर होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पुतणीकडे पाहिलं नाही, आणि आत जाऊन पाणी आणलं. मार झाला, पोलीस झाले, तरी दारी आलेल्याला पाणी. मी ते पिऊन आणखी तीन पेले मागितले. मग खाली बसलो, हळूहळू, आणि चारही मांडले. एक उलटा केला. म्हटलं, "ताई, हे मी तेव्हा अर्धंच दाखवलं." उलटा पेला सरळ केला, चारही गोळा केले, पुन्हा मांडले, पुन्हा एक उलटा केला. "दर बाळाला चारही नव्याने मांडायचे. आधीचा निघून जात नाही. तुझ्या मुलाला मी हो म्हणालो, ते चुकलं. आणि दोष हिचा एकटीचा नाही. आईबाबांपैकी एकाकडून तुला आलं, धाकट्याला आलं. तुझ्याकडून ह्याला, धाकट्याकडून हिला. हे मला दोन वर्षं माहीत होतं. मी लपवलं. लग्नही मीच लावलं."

"माझ्या रक्तात?" ती म्हणाली. "मला कधी टाचणीएवढं दुखलं नाय."

"वाहकाला दुखत नाही."

ती पेल्यांकडे वाकली. मग त्यातला एक उचलला आणि माझ्या कपाळावर मारला. फेकला नाही, मुठीत धरून मारला, काठाने. भुवई फाटली, रक्त डोळ्यात आलं. ती मारत होती आणि ओठांत मोजत होती. एक. दोन. तीन. बाबांच्या पट्टीसारखंच, एकेक, श्वास घेऊन. मला हात वर करता येत नव्हता, येत असता तरी केला नसता असं मी आज म्हणतो, पण तेव्हाचं खरं सांगता येत नाही. चार. पुतणी आमच्या बाजूने आत गेली. पाचवा मारायला हात उचलला तेव्हा ती मुलीला कडेवर आणि फाईल काखेत घेऊन बाहेर आली होती. ताईने तिला पाहिलं. उचललेला हात तसाच राहिला. आता ती मुलगी हिसकावणार असं मला वाटलं, म्हणून मी भिंत धरून उठायला लागलो.

"तिची अंगातलं लोह काढायची गोळी सकाळी सातला असते," ताई म्हणाली. "उपाशीपोटी. पाण्यात विरघळवून द्यायची, नाय तर थुंकते."

पुतणी गाडीकडे चालत गेली. पेला ताईच्या मुठीत होता आणि तिची बोटं माझ्या रक्ताने लाल झाली होती. मी तिला हात धुवायला सांगितलं. ती तशीच बसून राहिली.

मंगळवारी मुलीचं हिमोग्लोबिन सहा पूर्णांक चार निघालं. रक्त लागलं. बाळालाही त्याच दिवशी पहिली पिशवी लावली. दोन खाटा शेजारी शेजारी, मध्ये स्टुलावर पुतणी, एक डोळा बंद. मी भुवईवर तीन टाके घेऊन वही उघडली. डॉक्टर म्हणाले होते, दोघांनाही आजच रक्त दिलंय, तर पुढची तारीख दोघांची एकच ठेवा, एकवीस दिवसांनी, मंगळवारी. त्या आधी सोमवारी रक्ताची जुळणी करायला यायचं. गोळी आत्ता फक्त मुलीला, मुलाला डॉक्टर सांगतील तेव्हा. हे मी तिला सांगितलं. मग थांबलो.

"आता मी काय सांगितलं ते तू मला सांग," मी म्हणालो.

तिने सांगितलं. मंगळवार, सोमवारी जुळणी, दोघांची तारीख एक, गोळी एकटीलाच, सकाळी सात, उपाशीपोटी, पाण्यात विरघळवून. एकही चूक नव्हती. मी वही मिटायला लागलो तर म्हणाली, अजून एक राहिलं.

"दर वेळी चारही पेले नव्याने मांडायचे," ती म्हणाली. "पण त्या घरात मी आता मांडायला जाणार नाही, काका. हे पण लिहा."

मी तारखेखाली तिचे शब्द लिहिले. तिने वही मागून घेतली, वाचली आणि खाली सही केली.